अग्नीवाचून अग्निबाण
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत रॉकेटला अग्निबाण हा शब्द रूढ झाला तो उगाच नव्हे. म्हैसूरच्या हैदरअली व टिपू यांच्या फौजांनी लोखंडी नळ्यांत दारू ठासून सोडलेले बाण १७८० सालच्या पोल्लिलूरच्या लढाईत कंपनीच्या सैन्याने अनुभवले होते. आग, धूर आणि आवाज ही तिन्ही त्या शब्दाला तेव्हापासून चिकटून आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्याच्या आधी १४ जुलैला श्रीहरिकोट्याहून ते घेऊन निघालेल्या यानाची धगधगती शेपटी खेड्यापाड्यांतील मुलांनीही पाहिली. त्यामुळे अग्निबाणाला वर ढकलते ती आगच, अशी मुलांची पक्की समजूत असल्यास नवल नाही.

या समजुतीला हात घालणारा एक प्रयोग स्वयंपाकघरातील सोड्यावर करता येतो. त्यात काडी ओढावी लागत नाही, दारूगोळ्याचा कण लागत नाही, तरी बाटली सूं करून कौलांच्या वर जाते. प्रयोग सोपा आहे आणि धोका नेमका त्यातच आहे. बाटली उडते, मुले टाळ्या पिटतात, गुरुजी हसतात, फळ्यावर ‘क्रिया आणि प्रतिक्रिया’ असे तीन शब्द उमटतात आणि तास संपतो. जत्रेतील जादूगारही याहून निराळे काही करीत नाही. किंबहुना तो अधिक चांगले करतो, कारण त्याची बाटली कधी फसत नाही. शाळेत बाटली उडाली की प्रयोगाला आरंभ होतो. ती का उडाली, कशाने अधिक उडेल आणि हे कशावरून सांगता, या तीन प्रश्नांवर मुलांनी खल केला तरच त्या दिवशी विज्ञान शिकवले गेले, असे म्हणता येईल.

प्रथम साहित्य पाहू जावे. शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. साध्या पाण्याच्या बाटलीपेक्षा ही बरी, कारण ती मुळातच आतील वायूचा दाब सोसण्यासाठी केलेली असते. तोंडात घट्ट बसेल पण बोटांनी निघेल असे लाकडी किंवा रबरी बूच घ्यावे. बाटलीचे स्वतःचे आट्याचे झाकण या प्रयोगात कदापि लावू नये. बूच आपणहून सुटते. आट्याचे झाकण सुटत नाही, आणि मग दाब वाढत जाऊन बाटलीच फुटण्याची वेळ येते. काचेच्या बाटलीचा तर विचारही मनात आणू नये.

सोड्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. किराणा दुकानात ‘सोडा’ या एका नावाने निरनिराळे पदार्थ मागितले जातात. भजी-ढोकळ्यात पडतो तो खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. कपड्यांसाठी नेतात तो धुण्याचा सोडा. साबण करणारे वापरतात तो कॉस्टिक सोडा. या प्रयोगाला पहिलाच हवा. धुण्याच्या सोड्यातूनही आम्लाने वायू सुटतो, परंतु तो कातडीला व डोळ्यांना अधिक त्रासदायक आहे. कॉस्टिक सोडा तर वायू मुळीच देत नाही, मात्र कातडी भाजतो आणि डोळा कायमचा घालवू शकतो. म्हणून सोडा मुलांकडून मागवू नये. शिक्षकाने स्वतः आणावा आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘खाण्याचा सोडा’ असे लिहून ठेवावे. ही शिस्त लहान वाटली तरी तीत कुचराई नको.

आम्ल म्हणून व्हिनेगर, म्हणजे शिरका, सर्वांत सोयीचा. बाजारातील व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल साधारण शेकडा ४ ते ५ असते. अशा १०० मिलिलिटर व्हिनेगरला खाण्याचा सोडा ५ ते ७ ग्रॅम पुरतो. चहाचा एक सपाट चमचा सोडा सुमारे ५ ग्रॅम भरतो, तेव्हा ‘अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर व्हिनेगर आणि एक सपाट चमचा सोडा’ हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. व्हिनेगर न मिळाल्यास लिंबू आहेच; पण एका रसाळ कागदी लिंबाच्या रसाला जेमतेम सव्वा ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे चमचाभर सोड्यासाठी चार लिंबे पिळावी लागतील. लिंबे महाग असण्याच्या दिवसांत लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून वापरणे परवडते. मापासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे खुणांचे झाकण उत्तम.

सोडा व्हिनेगरमध्ये नुसताच टाकला तर बूच बसण्यापूर्वीच सगळा फेस बाहेर येतो. यासाठी हॉटेलात हात पुसावयास देतात त्या पातळ कागदात सोड्याची लांबट पुडी बांधावी. बाटलीत व्हिनेगर ओतावे, पुडी आत सोडावी, बूच लावावे, बाटली उलटी करावी आणि चुलीसारख्या मांडलेल्या तीन विटांच्या मध्ये तिची मान सोडून खांद्यावर ती टेकवावी. कागद भिजून पुडी सुटेपर्यंत काही क्षण मिळतात. तेवढ्यात मागे व्हावयाचे.

मागे किती, हे आधीच ठरलेले असावे. मैदानावर विटांपासून १० मीटरांवर फक्कीची रेघ ओढावी आणि सर्व मुले तिच्या पलीकडे असावीत. रेघेच्या आत फक्त शिक्षक. त्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा. हवेत डोके वर करून धावत जाऊन बाटली झेलण्याचा मोह मुलांना हटकून होतो. ती जमिनीवर पडून स्थिर होईपर्यंत कोणी हलावयाचे नाही, असा नियम उड्डाणापूर्वी मुलांकडूनच वदवून घ्यावा. कधी कधी बूच उडतच नाही. अशा वेळी काय झाले म्हणून बाटलीवर वाकून पाहणे हीच या प्रयोगातील सर्वांत मोठी चूक होय. दोन मिनिटे थांबावे, नंतरही काही न घडल्यास लांब बांबूने बाजूने बाटली आडवी पाडावी आणि तिचे तोंड माणसांकडे नाही ना, एवढे पाहावे. व्हिनेगर डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. पाण्याची कळशी त्यासाठी आधीपासून मैदानात असावी. मुले हा प्रयोग घरी करणारच. ‘घरी करू नका’ एवढे सांगून भागत नाही. आट्याचे झाकण का नको, काच का नको आणि दिवाळीच्या फटाक्यांतील दारू यात का घालावयाची नाही, हे कारणांसह सांगितले तर ते अधिक टिकते. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय बाटली भरावयाची नाही, हेही त्यांच्या पालकांच्या कानावर घालावे.

आता बाटलीत काय घडते ते पाहू जाता, सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून तीन पदार्थ निर्माण होतात: एक क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू. पाच ग्रॅम सोडा पूर्ण खर्ची पडला तर सुटणारा वायू मोकळ्या हवेत सुमारे १ लिटर ४०० मिलिलिटर जागा व्यापील. बाटलीत मात्र व्हिनेगर वजा जाता अदमासे ४०० मिलिलिटरच जागा उरलेली असते, आणि तीही हवेने भरलेली. दाटीवाटी होणारच. काही वायू पाण्यात विरतो, उरलेला भिंतींना रेटू लागतो. आतील दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट झाला की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका जादा रेटा येतो. बाटलीच्या तोंडाचा आतील व्यास २२ मिलिमीटरांच्या आसपास असतो, म्हणजे बुचावर पावणेचार किलोंचा भार पडला. एवढ्यात बहुतेक बुचे हार खातात. मुलांना हा वायू अनोळखी नाही. जत्रेतील गोटी सोड्याच्या बाटलीत काचेची गोटी तोंडाशी घट्ट दाबून धरणारा वायू हाच. ती गोटी अंगठ्याने आत ढकलताना किती जोर लागतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला दाबाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

वायू झाला, दाब झाला. परंतु बूच खाली गेले तर बाटलीने वर का जावे? या प्रश्नावर शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहावे, हे फार महत्त्वाचे आहे. उत्तर सांगून टाकण्याची घाई शिक्षकाच्या व्यवसायालाच जडलेली आहे. थांबल्यास मुले बोलू लागतात. कोणी म्हणेल, पाणी जमिनीवर आपटते आणि जमीन बाटलीला वर फेकते. कोणी म्हणेल, वायू हवेला ढकलतो, म्हणून हवा बाटलीला ढकलते. एखादी मुलगी म्हणेल, वायू हलका असतो म्हणून फुग्यासारखी बाटली वर जाते. (हे शेवटचे सहज तपासता येते: हा वायू हवेहून जड आहे. भांड्यात सोडा-व्हिनेगर फसफसवून त्याच्यातील वायू जळत्या मेणबत्तीवर पाण्यासारखा ओतला तर ज्योत विझते.) तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत. एकही पुसू नये, एकालाही ‘चूक’ म्हणू नये.

जमिनीचे उत्तर तपासण्यास मुलांनाच युक्ती विचारावी. एक युक्ती अशी: शाळेच्या ओट्यावर गोल पेन्सिली समांतर मांडून त्यांवर बाटली आडवी ठेवावी. या वेळी व्हिनेगर व सोडा निम्मेच घ्यावेत. तोंड रिकाम्या मैदानाकडे असावे. पुढे वा मागे कोणी उभे नसावे. बूच एका दिशेने सुटते आणि बाटली पेन्सिलींवरून दुसऱ्या दिशेने घरंगळत जाते. बुचाच्या पुढे तर जमीन नाही, भिंतही नाही. मग बाटलीला कोणी ढकलले? येथे फळ्यावर बाटलीचे चित्र काढून आतून सर्व बाजूंना रेटणारे बाण दाखवावेत. डावीकडचा बाण उजवीकडच्याला तोलतो. तोंडाशी बूच असेतो बुडावरचा बाण बुचावरच्या बाणाला तोलतो. बूच गेले की तोंडाकडचा रेटा झेलण्यास बाटलीची भिंतच उरली नाही. बुडावरचा रेटा मात्र तसाच आहे. तो एकटा पडला, आणि त्याने बाटली नेली. न्यूटनने १६८७ साली ज्याला तिसऱ्या नियमाचे रूप दिले तो हाच व्यवहार. होडीतून काठावर उडी मारणाऱ्याच्या पायाखालून होडी मागे सरते, हे कोकणातील मुलाला कोणी शिकवीत नाही. घाटावरच्या मुलांना फुग्याचे तोंड सोडून दाखवावे.

हवेचे उत्तर अधिक चिवट आहे, आणि ते देणाऱ्या मुलाला कमी लेखण्याचे कारण नाही. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकाने निर्वात नळीत लहान अग्निबाण उडवून ते हवेवाचूनही धक्का देतात हे दाखवले होते आणि १९१९ साली तो निबंध प्रसिद्धही झाला होता. तरी १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या नामांकित वृत्तपत्राने अग्रलेख लिहून त्याची खिल्ली उडवली. रेटावयास हवाच नसेल तर अग्निबाण पोकळीत चालणार कसा, शाळेत शिकवतात तेवढेही ज्ञान या गृहस्थांना नाही, असा त्याचा रोख होता. गॉडर्डने १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील एका शेतात द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद हवेत होता आणि ४१ फूट उंच गेला. म्हणजे एखादी चांगली साधलेली सोड्याची बाटली त्याच्याशी स्पर्धा करू शकेल! वृत्तपत्राने आपली चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत गॉडर्डच्या मृत्यूला जवळजवळ चोवीस वर्षे लोटली होती. वर्गातील ज्या मुलाने ‘हवा ढकलते’ असे सांगितले, त्याची चूक एका थोर वृत्तपत्राच्या पंक्तीला बसणारी आहे, हे त्याला अवश्य सांगावे. शाळेच्या मैदानात निर्वात पोकळी करता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. पण दुसरी एक गोष्ट करता येते. एकदा बाटली नेहमीसारखी उलटी उडवावी, म्हणजे आधी पाणी बाहेर पडेल. एकदा आडव्या बाटलीत द्रव तळाशी राहील इतके थोडे घेऊन फक्त वायूच बाहेर पडेल असे करावे. दोन्ही वेळा बाहेरची हवा तीच. मग पाणी फेकणाऱ्या बाटलीचा धक्का इतका मोठा का? जड वस्तू मागे फेकणाऱ्याला मोठा धक्का बसतो, हा धागा मुलांच्या हाती येथे लागतो.

याच विचाराच्या मुळाशी एक शाळामास्तर होता, हे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत सांगितलेच पाहिजे. रशियातील कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की याची लहानपणी तापाच्या दुखण्यात श्रवणशक्ती बव्हंशी गेली. शाळेत त्याला फारसे शिकता आले नाही. ग्रंथालयात बसून तो स्वतःच शिकला आणि १८८० पासून बोरोव्स्क व पुढे १८९२ पासून कालुगा या लहान गावांत गणित-पदार्थविज्ञान शिकवू लागला. १८८३ सालच्या त्याच्या एका हस्तलिखितात दाबलेल्या वायूने भरलेल्या पिंपाचे उदाहरण आहे: पिंपाची तोटी उघडली की वायू एका बाजूने निघेल आणि पिंप दुसऱ्या बाजूने चालू लागेल, मग भोवती हवा असो वा नसो. विटांच्या चुलीवरची उलटी बाटली म्हणजे तेच पिंप. १९०३ साली त्याने अग्निबाणाच्या गतीचे गणित प्रसिद्ध केले आणि आजही तो त्याच्या नावानेच ओळखले जाते. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पगारातून उरेल ते पत्रे, कागद आणि पुठ्ठे यांवर खर्च होई.

साधनांच्या तुटपुंजेपणाची तक्रार शाळांमध्ये नेहमी होते व ती पुष्कळदा खरीही असते. तथापि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून भारतातला पहिला संशोधन-अग्निबाण सुटला तेव्हा कचेरी म्हणून एका जुन्या चर्चची इमारत वापरात होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तो अग्निबाण अमेरिकन बनावटीचा होता. भारतीय बनावटीचा पहिला, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा रोहिणी, १९६७ च्या नोव्हेंबरात सुटला. म्हणजे शाळेतील बाटलीहून तो फारसा जाड नव्हता.

आता दुसरा प्रश्न: कशाने अधिक उडेल? येथे प्रत्येक मुलाजवळ सूचना असते आणि सर्वांना सर्व गोष्टी एकदम बदलावयाच्या असतात. सोडा दुप्पट, व्हिनेगर तिप्पट, बूच निराळे, शिवाय बाटलीला पुठ्ठ्याचे पंख. बाटली अधिक उडाली तर श्रेय कोणाचे? या भांडणातूनच ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हा नियम निघाला पाहिजे. तो शिक्षकाने आयता दिला तर तो नियम राहतो, भांडणातून निघाला तर ती सवय होते. सोडा अर्धा चमचा, एक चमचा आणि दीड चमचा असे तीन प्रकार घ्यावेत, बाकी सर्व तसेच ठेवावे आणि प्रत्येक प्रकार तीन-तीन वेळा उडवावा. तीनदा कशाला, असे मुले विचारतील. पहिल्या तीन उड्डाणांचे आकडेच त्याचे उत्तर देतील, कारण एकाच प्रमाणाने भरलेली बाटलीही दर वेळी निराळी उडते. बूच किती दाबून बसवले यावरच पुष्कळ अवलंबून असते. त्यासाठी बुचावर पेनाने एक रेघ ओढून दर वेळी तेथपर्यंतच बसवावे.

दीड चमच्याची गंमत पाहण्याजोगी आहे. व्हिनेगर तेवढेच राहिल्याने त्यातील आम्ल आधीच संपते आणि जादा सोडा तळाशी तसाच पडून राहतो; बाटली म्हणावी तशी अधिक उडत नाही. सोडा वाढवला तरी उड्डाण वाढत नाही, हे पाहून मुले चक्रावतात. उत्तर चाखून नव्हे, तर तपासून काढावयाचे: उरलेल्या पाण्यात थोडे ताजे व्हिनेगर टाकले आणि ते पुन्हा फसफसले, म्हणजे सोडा शिल्लक होता.

दुसरी एक खोच याहून सूक्ष्म आहे. जड पाणी फेकल्याने धक्का मोठा बसतो हे कळल्यावर मुले म्हणतात, मग पाणी वाढवू. व्हिनेगर वाढवले तर आम्लही वाढते, म्हणून व्हिनेगर व सोडा तेवढेच ठेवून नुसते पाणी ओतावे, ही सूचना शहाणी आहे. परंतु पाण्याने बाटलीतील मोकळी जागा कमी होते, आम्ल पातळ होऊन वायू सावकाश सुटतो आणि शिवाय बाटलीचे वजन वाढते. एक गोष्ट बदलावयास जाऊन चार बदलल्या. याचे निर्मळ उत्तर या मैदानात मिळणार नाही. ते मिळत नाही हे मुलांनी ओळखणे आणि वहीत तसे लिहिणे, हे उड्डाणाच्या एखाद्या मोठ्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचे समजावे.

उंची मोजण्याचे काम पाचवी ते सातवीच्या मुलांवर सोपवावे. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खडा लटकवला की ओळंबा झाला. विटांपासून १० मीटरांवर, रेघेवरच, एक मुलगा कोनमापकाच्या सरळ कडेने बाटलीचा माथा नेम धरून पाहतो आणि दुसरा दोरा कोठे थांबला ते वाचतो. दृष्टी आडवी असेल तेव्हा दोरा ९० अंशांवर असतो. त्यातून वाचलेला आकडा वजा केला की चढाचा कोन मिळतो. पुढे त्रिकोणमिती लागत नाही. वहीच्या चौकटींवर १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर हे प्रमाण धरून १० सेंटिमीटरांचा पाया आखावा, त्या कोनाची रेघ ओढावी आणि उभ्या बाजूची लांबी मोजावी. कोन ४५ अंशांचा असेल तर ती १० सेंटिमीटर येते, ३० अंशांचा असेल तर सुमारे पावणेसहा. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवावयास विसरू नये. बाटली वाऱ्याने तिरकी गेली तर हे माप खोटे ठरते. असे उड्डाण वहीत नोंदवावे, पण सरासरीत धरू नये. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा प्रयोग सकाळच्या शाळेत घेणे बरे.

आणि जी बाटली उडत नाही, तिचे काय? ती प्रत्येक वर्गात एखादी निघतेच, आणि ती ज्या गटाची असेल ती मुले खाली मान घालतात. इतर हसतात. त्या क्षणी शिक्षक काय करतो, यावर वर्षभराचे विज्ञान अवलंबून राहू शकते. दुसरी बाटली हाती देऊन त्यांची समजूत काढणे ही दया झाली. त्याऐवजी सबंध वर्गाला त्या बाटलीभोवती, अर्थात ती बांबूने पाडून रिकामी केल्यानंतर, बसवावे. बुचाच्या कडेला ओल आहे का? मग वायू तेथून निसटला. पुडी न सुटता तशीच आहे का? मग कागद जाड होता. सोडा दमट होऊन त्याचे खडे झाले होते का? न उडालेली बाटली इतके सांगते की उडालेल्या दहा बाटल्या मिळून सांगत नाहीत. तिचे कारण शोधणाऱ्या गटाचे नाव फळ्यावर लिहिण्यास हरकत नसावी.

द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकदम मैदानात आणणे कठीण, ही अडचण खरी आहे. तरी कामे वाटता येतात. पहिलीची मुले दहापासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणतात, आणि उलटे आकडे यापेक्षा गोडीने ती एरवी क्वचितच म्हणत असतील. दुसरीची मुले चमचे सपाट करून मोजतात, तिसरीची १० मीटरांची रेघ आखतात, चौथीची तीन उड्डाणांची बेरीज करून तिनाने भागतात. सबंध प्रयोग एका दिवसात उरकण्याचा हट्ट नको. पहिल्या दिवशी एकच बाटली उडवून फळ्यावरची उत्तरे घ्यावीत आणि ती तशीच ठेवून मुलांना घरी पाठवावे. दुसऱ्या दिवशी पेन्सिली आणि आडवी बाटली. तिसऱ्या दिवसापासून मापे. मधल्या रात्री घराघरांत यावर वाद झाला असेल तर फारच उत्तम.

प्रयोग संपल्यावर बाटल्या आणि विटा पाण्याने धुवून काढाव्यात. खाली सांडलेला क्षार व उरलेले व्हिनेगर भरपूर पाणी ओतून मोरीत सोडल्यास अपाय नाही. शाळेच्या बागेतील रोपांवर मात्र ते ओतू नये. लाकडी बुचे उन्हात पूर्ण वाळवावीत, ओली ठेवली तर ती फुगतात आणि पुढील खेपेस तोंडात बसत नाहीत. प्रत्येक बाटली प्रकाशात धरून पाहावी आणि जिच्यावर पांढुरकी चीर किंवा मोड दिसेल ती फेकून द्यावी. सोड्याच्या डब्याचे झाकण घट्ट लावून डबा कुलपाच्या कपाटात, पावसाळ्यात शक्य तर तांदळाच्या पुरचुंडीसह, ठेवावा.